रुळांना गंज चढवताना

रविवार, ३० नोव्हेंबर

वर्ष संपायला आल्यावर डायरी सुरू करणारा माणूस एकतर आळशी असतो किंवा घाबरलेला. मी आळशी नाही.

ही डायरी औषध कंपनीने जानेवारीत दिली होती. इतके महिने ती दवाखान्याच्या खिडकीच्या फटीत खोचलेली होती, वाऱ्याने खिडकी आपटू नये म्हणून. आज घरी आणली. काही गोष्टी बायकोला, वैशालीला, सांगता येत नाहीत आणि पोटात ठेवल्या तर अन्न पचत नाही. (अन्न मात्र सध्या उत्तम पचतंय, ते वेगळं.)

तर लिहून टाकतो. माझा उजवा हात थरथरतो.

दंतवैद्याचा हात थरथरणं म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी खुर्चीत बसून आ केलाय त्याला समजावून सांगायला नको. कोठी भागातल्या माझ्या दवाखान्यात लोक मुख्यतः पुढच्या दातांसाठी येतात. नकली दात शेजारच्या खऱ्या दातांत मिसळून जाईल असा रंगवायचा, ही माझी ख्याती. तो सगळा बारीक ब्रशचा आणि ताठ मनगटाचा खेळ आहे.

बाबांचं असंच सुरू झालं होतं. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. फळ्यावर एका झटक्यात वर्तुळ काढायचे आणि पोरं कंपास लावून तपासायची. साठीच्या अलीकडेच कंपवात झाला. घरात पहिल्यांदा कळलं ते कपबशीच्या आवाजाने. कप उचलला की बशीवर किणकिण, ठेवला की किणकिण. शेवटी आईने कपबशी बंद केली आणि स्टीलच्या फुलपात्रातून अर्धा अर्धा चहा द्यायला लागली. बाबांनी नंतर खडू हातात धरला नाही.

दुसऱ्या कुणाला मी सांगितलं असतं, आधी डॉक्टरकडे जा. मी जाणार नाही. एकदा आजाराचं नाव कागदावर आलं की दवाखाना बंद. त्यापेक्षा मीच माझी परीक्षा घेणार आहे.

निखिलने, म्हणजे आमच्या चिरंजिवांनी, जर्मनीहून आणलेली छोटी आगगाडी मागच्या खोलीत फळीवर मांडलेली आहे. इंजिन, डबे, स्टेशन अगदी खऱ्यासारखे. रूळ मात्र नव्या ताटवाट्यांसारखे चकचकीत आणि त्यांच्याखालचे आडवे स्लीपर काळ्या प्लास्टिकचे. त्याच खोलीच्या खिडकीतून काचीगुडा स्टेशनची खरी लाइन दिसते, त्यामुळे खोटेपणा जास्तच डोळ्यांवर येतो. आता हे रूळ मी खरे करणार. कडांना गंज, स्लीपरना रंग, मधे खडी. खऱ्या स्लीपरवर रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चिमट्या असतात, त्या इथे मोहरीपेक्षा लहान आहेत. प्रत्येक चिमटीवर गंजाचा एक ठिपका, बाजूला न फासता, असा स्टेशनपुढचा तुकडा रंगवता आला तर हात शाबूत. नाही आला तर माझ्या ज्युनियरला, तेजसला, दवाखाना सोपवून मोकळा. कुणाला काही सांगायला नको.

मंगळवार, २ डिसेंबर

रंग ठरवायला सकाळीच स्टेशनवर गेलो. बरोबर माझी दातांच्या रंगांची पट्टी घेतली. पिवळट, करडे, तपकिरी असे नकली दात ओळीने लावलेली ही पट्टी आम्ही पेशंटच्या तोंडाशी धरतो आणि रंग जुळवतो. दुसरं कुठलं साधन माझ्या हाताच्या सवयीचंच नाही. फलाटाच्या टोकाला उकिडवा बसून पट्टी रुळाच्या दिशेने धरली, तर मागून आवाज आला.

"क्या कर रैं साब?"

रेल्वे पोलीस. मी म्हटलं, "रंग मिला रहा हूँ. पटरी का."

त्याने पट्टीकडे पाहिलं. "दाँतां से?"

"घर में छोटी ट्रेन है."

"अच्छा, बच्चे के वास्ते."

"नहीं, मेरे वास्ते."

त्याने माझ्याकडे जे पाहिलं ते वर्णन करण्यासारखं नाही. "उठो साब, गाडी आ रई. तबीयत ठीक है ना? पूरे पसीने में हैं आप."

स्वेटर, मफलर, कानटोपी घालून उभा होता स्वतः, आणि मला विचारतोय. डिसेंबर उजाडला की या गावाला उगाचच थंडी वाजते.

पण फेरी वाया गेली नाही. रूळ काही गंजाच्या एकाच रंगाचे नसतात. कडा चॉकलेटी, चाकं घासतात तो माथा आरशासारखा लख्ख. बाजूच्या साइडिंगवर, म्हणजे डबे उभे करायच्या फाट्यावर, गाडी जात नाही, तिथे माथासुद्धा गंजलेला. स्लीपर सिमेंटचे, पण त्यांच्यावर तपकिरी भुकटी साचलेली. गाड्या जिथे थांबतात तिथे काळपट डाग जास्त, जसे चहा पिणाऱ्यांच्या खालच्या दातांना मागून असतात. काही डाग कशाचे ते मी इथे लिहीत नाही.

शनिवार, ६ डिसेंबर

सहा डिसेंबर, त्यामुळे गीताची रजा. गीता म्हणजे माझी असिस्टंट, मूळची परभणीची, दवाखाना खरं म्हणजे तीच चालवते. ती नसली की कापूससुद्धा सापडत नाही. दुपारीच दवाखाना बंद करून घरी आलो आणि रंगाला बसलो.

रुळांच्या कडा ठीक जमल्यासारख्या वाटतात. चिमट्या नाही. ठिपका ठेवायला जातो आणि ब्रश आधीच दुसरीकडे पोचलेला असतो. एका चिमटीचा गंज स्लीपरवर, दुसरीचा खडीच्या जागेत. ब्रशचे केस वाईट आहेत. आजकाल काही धड मिळत नाही.

एक चांगली गोष्ट. पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं. सकाळच्या चालण्याचा एवढा फायदा होईल असं वाटलं नव्हतं, तेही जेवण दुप्पट झालेलं असताना. आज उस्मानिया बिस्किटांचा अख्खा पुडा एका बैठकीत संपवला. वैशाली माझ्या ताटाकडे बघत असते. म्हटलं, नजर लावू नकोस.

सोमवार, ८ डिसेंबर

आज एका बाईंचा दात घासताना हत्यार सरकलं. ओठाला आतून जरासा ओरखडा, टिपूसभर रक्त. बाईंना कळलंही नाही. गीताला कळलं. तिने कापूस पुढे केला आणि माझ्या हाताकडे पाहिलं, तोंडाकडे नाही.

हे लिहितानाही अक्षर हलतंय. बाबांचं अक्षर आधी बारीक होत गेलं होतं. माझं अजून बारीक नाही. रोज पहिल्या पानाशी ताडून बघतो.

गुरुवार, ११ डिसेंबर

दोन तक्रारी.

एक, घरातल्या कपबशा गेल्या कुठे? तीन-चार दिवस चहा मगातून येतोय. जाडजूड, कान धरायचे मग. विचारलं तर वैशाली म्हणाली, "गंगूबाईंच्या हातून बशा फार फुटतात." गंगूबाई आमच्याकडे निखिलच्या जन्माआधीपासून आहेत, त्यांनी एक बशी फोडलेली मला आठवत नाही. हिचं माहेर पुण्याचं, आणि पुण्याच्या माणसांना एखादी टूम सुचली की सुचली. वर मग अर्धाच भरलेला. म्हटलं, "दूध महागलंय का?" तर हसली आणि आत गेली.

दोन, तेजस. हा माझा ज्युनियर, कुकटपल्लीहून येतो, आईबाप दोघंही आयटीत, पोरगा हुशार. पण आता त्याला पंख फुटलेत. या आठवड्यात पुढच्या दातांच्या सगळ्या केसेस त्याच्या खुर्चीत गेल्या. माझ्याकडे काय, तर कवळीची मापं आणि चौकशा. गीताला विचारलं तर म्हणते, "सर, त्या मॅडमला जायची घाई होती, म्हणून तेजस सरांकडं दिलं." सगळ्या मॅडमना याच आठवड्यात घाई कशी? तेजसलाच सरळ विचारलं. तो लाल झाला. "सर, ॲक्च्युअली मला असं काहीच... गीताताई जसं लावतात तसं मी करतो." ताकाला तूर लागू देत नाही. म्हणजे गीताही फुटली. इतक्या वर्षांनी!

अंगाचा तिळपापड झाला. छाती धडधडत होती, जिना चढल्यासारखी. संताप दुसरं काय.

रविवार, १४ डिसेंबर

आज खडी पसरली. समोरच्या बांधकामावरून दगडाची भुकटी आणली आणि मैद्याच्या चाळणीने चाळली. त्यावरून गंगूबाईंनी जे रामायण केलं ते केलं. रुळांमधे खडी पसरायची, मऊ ब्रशने स्लीपरवरचे कण झाडायचे, मग फेव्हिकॉलमधे पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा थेंब घालून सिरिंजने थेंब थेंब सोडायचा. साबणाने ते खडीत मुरतं, नाहीतर वर मोत्यासारखं राहतं. सिरिंजचं काम हाताला अजून जमतं. खुशीत होतो.

पंखा लावला तर कण उडतात, न लावावा तर घामाच्या धारा. मी पंखा लावायचा, वैशालीने येऊन बंद करायचा, असं चाललं होतं. शेवटी म्हणाली, "अरविंद, डिसेंबर आहे. मी शाल घेऊन बसलेय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. हिला सारखी थंडी वाजते. हल्ली अंगही भरलंय. सकाळी मी उजाडायच्या आत उठून चार कामं उरकतो, ही साडेसहाशिवाय हलत नाही. बोलते सावकाश, चिडत कशावरच नाही. मी डॉक्टर आहे, मला शिकवायला नको. हिचं थायरॉईड मंद झालंय. तपासायला सांगणार आहे.

जाताना तिने माझ्या चिमट्यांच्या तुकड्याकडे पाहिलं, जिथे सगळा गंज इकडेतिकडे फासलाय. म्हणाली, "हा भाग अगदी खिडकीतून दिसतो तसा झालाय रे." टोमणाच तो.

बुधवार, १७ डिसेंबर

गाडी बंद पडली.

मोठ्या हौसेने इंजिन ठेवलं, बटण फिरवलं, ढिम्म. तारा तपासल्या, इंजिन उघडलं, पुन्हा लावलं. मग कळलं. कडा रंगवताना हात हलून रंग रुळांच्या माथ्यावर गेलाय, जवळजवळ सगळीकडे. माथ्यातूनच इंजिनाला वीज मिळते. रंग म्हणजे भिंतच. रूळ इतके खरे झाले की त्यांच्यावरून गाडीच जाईना.

ब्रश भिंतीवर फेकून मारला. भिंतीवर गंजाचा डाग पडलाय. वैशाली दारात येऊन उभी राहिली, डाग पाहिला आणि गेली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

रविवार, २१ डिसेंबर

दवाखान्यातली पॉलिशची रबरं आणून माथे घासतोय. मुख्य लाइन साफ झाली, गाडी फिरते. साइडिंग मात्र तशीच ठेवली, माथ्यावर गंजासकट. खऱ्या साइडिंगवर असतोच. तिथे एक डबा उभा करून ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो.

चिमट्यांचा तुकडा पुन्हा रंगवला. नवा ब्रश, नवा दिवा, डोळ्यांवर दवाखान्याचं भिंग. पहिल्यापेक्षा वाईट. आता ब्रशला दोष देण्यात अर्थ नाही.

ठरवलं. नव्या वर्षापासून पुढच्या दातांचं काम बंद, आणि संक्रांतीनंतर दवाखाना तेजसला. लिहून टाकलं म्हणजे मागे फिरता येणार नाही. बाबांना हे वाटलं असेल तेव्हा त्यांनी कुणाला सांगितलं होतं? कुणालाच नाही. मला फार भीती वाटते.

वैशालीच्या तपासणीचं मात्र आज पक्कं केलं. म्हटलं, मी असेन नसेन, हिचं तरी वेळेत व्हावं. आश्चर्य म्हणजे तिने वाद घातला नाही. फक्त म्हणाली, "लॅबची आता जोडप्यांची स्कीम आहे. दोघांचं रक्त घेतात, एकट्याचं घेतच नाहीत." काय एकेक धंदे काढतात. बरं म्हटलं. रक्तात कंपवात दिसत नाही.

मंगळवार, २३ डिसेंबर

लॅबचा रवी सकाळी घरी येऊन दोघांचं रक्त घेऊन गेला. जाताना वैशालीला विचारत होता, "मॅडम, दोनों का बिल अलग-अलगच बनाऊँ ना?" ती त्याला घाईघाईने दारापर्यंत घेऊन गेली. लॅबच्या माणसांना स्वतःची स्कीम माहीत नाही. सुई टोचण्याआधी त्याने माझी नाडी धरली आणि मॅडमकडे पाहिलं. नाडी धरणं त्याचं काम नाही, तेही मी त्याला सांगितलं.

गुरुवार, २५ डिसेंबर

नाताळची सुट्टी. रिपोर्ट फोनवर आले. आधी वैशालीचा उघडला. थायरॉईड उत्तम. हिमोग्लोबिन उत्तम. सगळं उत्तम. मग माझा उघडला. त्यात थायरॉईड आभाळाला टेकलेलं.

मी लॅबला फोन लावून चांगलं फैलावर घेतलं. दोघांचे रिपोर्ट उलटसुलट केलेत, म्हटलं. आणि तरी जुळेना, कारण अदलाबदल धरली तर वैशालीचं थायरॉईड वाढलेलं निघतं, आणि तिचं तर मंद असायला हवं! म्हणजे नमुनेच तिसऱ्या कुणाचे. त्यांना तेही सुनावलं. वैशाली ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "कुणाचे आहेत ते सुधीरला ठरवू दे. उद्या दहाला त्याने वेळ दिलीय."

"कधी घेतलीस वेळ?"

"झोपा काढते ना मी साडेसहापर्यंत, त्यात घेतली."

शुक्रवार, २६ डिसेंबर

हे सावकाश लिहायचं आहे, पण हात आज वेगळ्याच कारणाने हलतोय.

सुधीर माझा कॉलेजचा मित्र, मोठा फिजिशियन. त्याने रिपोर्ट पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाला, "हात पुढे कर. दोन्ही. बोटं पसर." मला वाटलं, झालं. इतके दिवस जे लपवलं ते या टेबलावर, वैशालीसमोर. तिच्याकडे बघायची हिंमत होईना. सुधीरने एक कोरा कागद माझ्या बोटांवर ठेवला. कागद फडफडायला लागला, पंख्याखाली ठेवल्यासारखा.

"कधीपासून?"

मी सांगून टाकलं. बाबांचंही सांगितलं, खडूचं, सगळं.

त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आता हात मांडीवर ठेव. सैल." ठेवला. "बघ." मी पाहिलं. हात माझ्या मांडीवर गप्प पडला होता.

"काकांचा हात कधी हलायचा? बसलेले असताना, मांडीवर. काही करायला घेतलं की उलट थोडा थांबायचा. मी पाहिलाय तो. तुझा काही करायला घेतलं की हलतो. अरे, हे तुम्हा दंतवैद्यांनाही अभ्यासाला असतं! घाम, भूक, वजन उतरणं, छाती धडधडणं, आणि..." तो वैशालीकडे बघून थांबला.

"नाकावर राग," वैशाली म्हणाली.

"तो तर याचा जन्मजात आहे. थोडा वाढला असेल."

थायरॉईड जास्त काम करतंय. आणखी एकदोन तपासण्या, हृदयाचा आलेख, गोळ्या. थरथर आधी कमी होईल, बाकीचं हळूहळू. "हात जाणार नाही तुझा," सुधीर म्हणाला. "तो स्थिर होईपर्यंत मात्र कुणाच्या तोंडात घालू नकोस." मी म्हटलं, "पुन्हा सांग." "कुणाच्या तोंडात..." "ते नाही, आधीचं." त्याने पुन्हा सांगितलं.

माझा जीव भांड्यात पडला. खाली आलो आणि कोठीच्या त्या गर्दीत, रिक्षांच्या आणि जुन्या पुस्तकांच्या ढिगांच्या मधे, मोठ्याने हसलो. एका पुस्तकवाल्याने विचारलं, "क्या हुआ डाक्साब?" म्हटलं, "थायरॉईड!" तो म्हणाला, "मुबारक हो."

वैशालीला म्हटलं, "बघ, तुझ्यासाठी तपासणी ठरवली नसती तर कळलंच नसतं. नशीब म्हणायचं." ती म्हणाली, "खरंच." घरी आल्यावर ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ सुरू होता. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हटलं, तुला सर्दी झालीय, शाल घे.

सोमवार, २९ डिसेंबर

गोळ्या सुरू होऊन तीन दिवस झाले. धडधड कमी. काल चक्क साडेसातपर्यंत झोपलो. इतकं शांत वाटतंय की मधूनमधून छातीवर हात ठेवून बघतो, चालू आहे ना.

दवाखान्यात गीताला आणि तेजसला सांगितलं. तेजस म्हणाला, "थँक गॉड, सर," आणि खुर्चीतच बसला. तो एवढा का धास्तावला होता कोण जाणे. गीता म्हणाली, "मॅडम बोलल्या मला." मॅडम कधी बोलल्या? म्हणाली, "बोलत असतो आम्ही." बायकांच्या गप्पांना अंत नाही.

तेजसला दवाखाना द्यायचं ठरवलं होतं, ते पान फाडावं का? राहू दे. घाबरल्यावर माणूस काय काय लिहितो याचा नमुना.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. सकाळपासून गच्च्यांवर पतंग. भिंतीवरचा गंजाचा डाग पुसायला घेतला तर वैशाली म्हणाली, "असू दे, खिडकीबाहेरचाच वाटतो." तिळगूळ खाल्ला, दोनच वड्या. भूक माणसात आलीय. संध्याकाळी पहिल्यांदा स्वेटर घातला. थंडी आहे खरी या गावात.

त्या रेल्वे पोलिसाला उगाच बोल लावला.

गुरुवार, २२ जानेवारी

सुधीरने परवा पुन्हा कागद ठेवला. कागद हलला नाही. म्हणाला, कर आता काम. दवाखान्यात पोचलो तर गीताने पेशंटची यादी पुढे केली, "सर, अकराला पुढच्या दाताची केस. तुम्हालाच लावली." मी म्हटलं, "या मॅडमना घाई नाही का?" ती म्हणाली, "नाही सर. यांना मी थांबायला सांगितलं होतं. म्हटलं, आमचे सर येतील."

तेव्हा कळलं. तेजसने काही पळवलं नव्हतं. गीताने पेशंट सांभाळले आणि मला न दुखवता बाजूला ठेवलं. ओरखड्याच्या दिवसापासून. मी तिला फुटली म्हणालो होतो, निदान या डायरीत तरी. ओशाळलो. संध्याकाळी तेजसला उगाचच बिर्याणी खिलवली. त्याला कारण कळलं नाही, बिर्याणी आवडली.

दात सुरेख बसला. कुठला नकली ते मलाही दोनदा बघावं लागलं.

रविवार, १ फेब्रुवारी

परीक्षा पुन्हा घेतली. नवा तुकडा, तोच ब्रश, ज्याला मी इतक्या शिव्या घातल्या. प्रत्येक चिमटीवर एक ठिपका. एकही बाहेर नाही. पैकीच्या पैकी!

मग तो तुकडा लाइनमधे बसवला, जरा लांब उभा राहिलो आणि पाहिलं. अगदी खेळण्यातला. ठिपके ओळीने, एकसारखे, नव्या कवळीसारखे. शेजारचा, तो थरथरत्या हाताने बिघडवलेला तुकडा, आणि खिडकीबाहेरची खरी लाइन, यांत मात्र फरक करता येईना. गंज पसरलेला, मधेच दाट, मधेच नाही. वैशालीने टोमणा मारलाच नव्हता.

कवळी खरी वाटायची तर एखादा दात जरा तिरका लावायचा असतो, हे मी तेजसला रोज शिकवतो. तेव्हा आता मुद्दाम हात हलवून ठिपके द्यायला बसलो. हलवतो, पण तो माझ्या हिशेबाने हलतो. दर ठिपक्याला तेवढाच तिरका. फार प्रयत्न केले. जमेना. एकटाच हसत सुटलो. महिनाभर जो हात थांबावा म्हणून जीव टाकला, तो आता विनवण्या करूनही थरथरायला तयार नाही.

शेवटी रंगाचं फडकं घेऊन नुसतंच तुकड्यावर फिरवलं. बरं दिसतंय.

साइडिंगच्या माथ्याचा गंज काढावा असं मनात आलं होतं. पण तो रंग फार छान साधलाय. राहू दे. तिथला डबा तेवढा उचलून गाडीला जोडला.

सोमवार, २ फेब्रुवारी

आज सकाळी चहा कपबशीतून आला.

निळ्या काठाच्या आमच्या जुन्याच कपबशा. सगळ्या धड, एक टवकासुद्धा उडालेला नाही. मी कप उचलला. आवाज झाला नाही. घोट घेऊन ठेवला, तेव्हा टक् असा एकच. समोर वैशाली पेपर धरून बसली होती. पान उलटत नव्हती. ऐकत होती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. गंगूबाईंच्या हातून फुटणाऱ्या बशा. अर्धे भरलेले मग. जोडप्यांची स्कीम. गीताशी बोलणं. न्हाणीघरातला नळ. मी तिच्यापासून लपवत होतो आणि ती सगळं जाणून, मला एकदाही न विचारता, आईने बाबांसाठी केलं तेच करत होती. तिला मीच सांगितलं होतं ते फुलपात्राचं, लग्न झालं तेव्हा. ती किती घाबरली असेल, आणि कुणाजवळ बोलली असेल? तिच्याकडे तर डायरीही नव्हती.

कप पुढे केला. एवढंच म्हणालो, "अर्धा कप आणखी देतेस?"

"अर्धा का?" ती म्हणाली, आणि किटली उचलून माझा कप काठोकाठ भरला, अगदी ओथंबेपर्यंत, आणि बघत राहिली माझ्याकडे.

मी तो बशीसकट उचलला आणि मागच्या खोलीत गेलो, आगगाडी सुरू केली. ती माझ्या मागोमाग आली. बशीत एक थेंब सांडला नव्हता. तिने वाकून बशी नीट पाहिली आणि मग कप माझ्या हातातून घेऊन पहिला घोट स्वतः प्यायली.